पौर्णिमेआधीचे पुष्कर

कार्तिक शुद्ध एकादशीला पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट वारकऱ्यांनी फुलून जाते. त्याच पहाटे राजस्थानात अजमेरजवळच्या पुष्कर सरोवराच्या बावन्न घाटांवर स्नानासाठी झुंबड उडालेली असते. एकादशीला सुरू झालेले हे पर्व पौर्णिमेच्या महास्नानाने संपते. पर्यटनाच्या पत्रकांत 'पुष्कर मेळा' म्हणून ठळक छापलेल्या तारखाही पौर्णिमेला संपणाऱ्या आठवड्याच्याच असतात. त्या तारखा पाहून, शेवटचे दोन-तीन दिवस गाठण्याच्या बेताने मुंबई-पुण्याहून निघालेल्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर मात्र स्नानाऐवजी एक निराळेच दृश्य असते: दूरवर पसरलेले वाळूचे उंचवटे, त्यांवर बसलेले हजारो उंट, शेकोट्यांचा धूर आणि त्या धुरातून मावळणारा सूर्य. पुष्करला पोहोचल्यावर त्याला गर्दी मिळते, पाळणे मिळतात, लाउडस्पीकर मिळतात. उंट विचारावेत तर सजवलेले, फेरी मारून आणणारे तेवढे दिसतात. बाजार कधीच उठलेला असतो.

यात त्याची कोणी फसवणूक केलेली नसते. एकाच नावाने ओळखले जाणारे दोन मेळे पुष्करला भरतात आणि दुसरा भरात येतो तेव्हा पहिला पांगलेला असतो, एवढे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा मेळा तीर्थाचा. ब्रह्मदेवाच्या हातातील कमळ जेथे पडले तेथे सरोवर झाले, अशी पुष्करची कथा आहे. येथे ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. सावित्रीला येण्यास उशीर झाला म्हणून गायत्रीशी विवाह करून तो यज्ञाला बसला आणि संतापलेल्या सावित्रीने, तुझी पूजा अन्यत्र होणार नाही, असा शाप दिला. ब्रह्मदेवाची देवळे भारतात फार थोडी आहेत, त्याचे लोकमानसाने दिलेले हे स्पष्टीकरण. (गोव्यातील सत्तरी तालुक्यात ब्रह्मकरमळीला असेच एक दुर्मीळ देऊळ आहे.) सावित्रीचे मंदिर अजूनही गावाबाहेरच्या टेकडीवर, रुसून दूर बसल्यासारखे उभे आहे. एकादशी ते पौर्णिमा हे भीष्मपंचकाचे पाच दिवस. या दिवसांत राजस्थानच्या खेड्यापाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, स्नान करतात, पितरांचे स्मरण करतात आणि परत जातात. त्यांच्यासाठी मेळा म्हणजे हाच.

पहिला मेळा जनावरांचा. तो दिवाळी पाडव्याच्या सुमारास, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आकार घेऊ लागतो. उत्तरेकडील कार्तिक महिना आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो; पण शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच असल्याने मराठी कॅलेंडरवरूनही हिशेब चुकत नाही. पशुपालक आपले कळप घेऊन काही दिवस चालत येतात, गावाच्या पश्चिमेच्या वाळूत आपापल्या ठरलेल्या जागी उतरतात आणि पंचमी-षष्ठीपर्यंत बाजार रंगात येतो. अष्टमीनंतर तो ओसरू लागतो. विकत घेतलेले जनावर मैदानाबाहेर न्यायचे तर पशुपालन खात्याच्या चौकीवरून 'रवन्ना' नावाची चिठ्ठी घ्यावी लागते. ती मिळाली की घेणाऱ्याला थांबण्याचे कारण उरत नाही. विकणाराही गुंतून पडत नाही, कारण रोज चाऱ्यापाण्याचा खर्च वाढत असतो. एकादशीच्या स्नानाला थांबून काही जण पुण्यही पदरी पाडून घेतात. बाकीचे आधीच वाटेला लागलेले असतात.

यात्रा आणि बाजार यांची ही जोड मराठी वाचकाला अपरिचित नाही. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेच्या वेळी शेजारच्या वाखरीला जनावरांचा बाजार भरतो आणि खिलार बैलांसाठी दूरदूरचे शेतकरी तेथे येतात. या जोडीमागचा हिशेब साधा आहे. पावसाळा संपलेला असतो, रानात चार महिने चरून जनावर अंगाने भरलेले असते, म्हणजे त्याचा भाव उत्तम येतो. खरिपाचे पीक हाती आल्याने घेणाऱ्याजवळ पैसा असतो. रब्बीच्या नांगरटीसाठी ओढकामाचे जनावर हवे असते. रस्ते कोरडे आणि प्रवासाला योग्य झालेले असतात. शुद्ध पक्ष असल्याने रात्री चांदणे वाढत जाते. विजेपूर्वीच्या काळात उघड्यावर कळप राखणाऱ्याला याचे महत्त्व किती, हे सांगायला नको. याच कार्तिकात आग्रा जिल्ह्यात यमुनाकाठच्या बटेश्वरला, राजस्थानातच झालरापाटणला चंद्रभागा नावाच्या नदीच्या काठी आणि बिहारमध्ये गंडक-गंगा संगमावर सोनपूरला मोठे मेळे भरतात. पुण्यकाळ आणि बाजारकाळ यांची गाठ उत्तर भारतभर याच महिन्यात पडलेली दिसते.

पुष्करचा बाजार पाहायचा तर पहाटे पाहावा. कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटलेल्या असतात. चहा उकळत असतो, बाजरीच्या जाड भाकरी थापल्या जात असतात. उंट पाय दुमडून रवंथ करीत बसलेले असतात. ऊन वर येऊ लागले की गिऱ्हाईक फिरू लागते. उंटाचे ओठ बाजूला करून दात पाहिले जातात, कारण वयाचा एकमेव विश्वासार्ह दाखला तोच. पाठ, कुबड, पायांचे तळवे, छातीवरील घट्टा हे सारे हाताने चाचपून पाहिले जाते. मग त्याला उठवून चालवतात. चाल बिघडलेली असेल तर उरलेली बोलणी तेथेच थांबतात. पसंत पडले तरी पसंती दाखवायची नाही, हा सौद्याचा पहिला नियम. घेणारा उठून निघून जातो, अर्ध्या तासाने दुसऱ्या वाटेने परततो. मध्यस्थ दोघांनाही बाजूला घेऊन कानात काही सांगतो. आपल्याकडील बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारे हेडी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या साऱ्याची जात लगेच ओळखू येईल.

कळपांच्या कडेने दुसरा बाजार असतो तो साजाचा. लोकरीचे गोंडे, मणी आणि कवड्या ओवून केलेला 'गोरबंद' हा उंटाच्या गळ्यातला अलंकार, घुंगरांच्या पट्ट्या, खोगिरे, वेसणीचे दोर, घोड्यांसाठी नक्षीदार लगाम. उंटाच्या अंगावरचे केस कातरून त्यात वेलबुट्टी काढणारे कारागीर येथेच बसतात. एकेका उंटावर त्यांचे तासन् तास जातात. गावाकडून आलेल्या स्त्रिया बांगड्या, ओढण्या, लोखंडी कढया आणि वर्षभराचे किडूकमिडूक घेतात. आणि ज्यांची गावे शंभर-दोनशे किलोमीटरवर विखुरलेली आहेत, अशी नातीगोती येथे भेटतात. सोयरिकी जुळतात, जुनी भांडणे मिटतात, कधी नवी सुरू होतात. पर्यटकाच्या कॅमेऱ्यात यातले काही येत नाही. मेळ्याचे अर्धे काम मात्र हेच असते.

या मेळ्याचा कणा म्हणजे राईका किंवा रेबारी समाज. उंटांची पैदास हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. पार्वतीने मातीचा एक गमतीदार प्राणी केला, शंकराने त्यात प्राण फुंकले आणि तो अनावर झाला म्हणून त्याला सांभाळायला पहिला राईका निर्माण केला, अशी त्यांची कथा आहे. तर लंकेहून उंट आणणारा म्हणून पाबूजी या लोकदैवताला ते भजतात. या समाजाने स्वतःवर काही बंधने घालून घेतली होती. सांडणी, म्हणजे मादी, सहसा विकायची नाही. उंटाचे मांस खायचे नाही, कत्तलीसाठी जनावर द्यायचे नाही. दूधसुद्धा विकायचे नाही. आल्यागेल्याला ते तसेच द्यायचे. मग उत्पन्न कशाचे? नर पिलांचे. ती वाढवायची आणि कार्तिकात पुष्करला आणून विकायची. सांडणीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असतो आणि तिला साधारणपणे दोन वर्षांतून एकदा एक पिल्लू होते. म्हणजे एकेक नर उंट ही काही वर्षांची ठेव असते आणि ती वटवण्याची पेढी म्हणजे पुष्करचा बाजार.

ही पेढी आता डबघाईला आली आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. 2019 च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. त्यांतील बहुसंख्य राजस्थानातच आहेत. 1970 च्या दशकात हाच आकडा अकरा लाखांच्या घरात होता. पुष्करच्या वाळूत उतरणारे कळप त्याच प्रमाणात विरळ होत गेले आहेत.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. नांगर आणि गाडा यांसाठी उंटाची जागा आधी ट्रॅक्टरने आणि नंतर मालवाहू टेम्पोने घेतली. बिकानेरकडे विमानाचे जुने टायर लावलेले उंटगाडे एके काळी ठायी ठायी दिसत. आज ते शोधावे लागतात. इंदिरा गांधी कालव्याने वाळवंटात पाणी आले, पण चराऊ रान पिकाखाली गेले. 'ओरण' म्हणून देवाच्या नावाने राखलेली गावराने आक्रसली. अरवलीतील अभयारण्यांत चराईवर निर्बंध आले. हे सारे दशकानुदशके हळूहळू घडत होते. शेवटचा धक्का मात्र उंटाच्या रक्षणासाठीच केलेल्या कायद्याने बसला, ही या कहाणीतील विसंगती.

राजस्थान सरकारने 2014 मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला आणि 2015 मध्ये उंटाची कत्तल रोखणारा व त्याला राज्याबाहेर नेण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. कत्तलीसाठी होणारी चोरटी वाहतूक थांबवणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु पुष्करला उंट घेणाऱ्यांत परराज्यांतून येणारे व्यापारी आणि शेतकरीही असत. परवान्याची कटकट आणि वाटेत अडवले जाण्याची भीती यांमुळे ते येईनासे झाले. राज्यात तर उंटाला काम उरले नव्हते. नर उंटांचे भाव काही हजारांवर कोसळल्याच्या बातम्या त्यानंतर दरवर्षीच येऊ लागल्या. विकला न गेलेला उंट चालवत परत नेणे, त्याला आणखी वर्षभर पोसणे आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा तोच खेळ, हे किती वर्षे परवडणार? अनेक राईका तरुणांनी काठी ठेवून शहरातील मजुरीची वाट धरली. कायदा ढिला करावा ही पशुपालकांची मागणी आहे, तर तसे केल्यास कत्तलीचा मार्ग खुला होईल, हे प्राणिरक्षक संघटनांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्या जनावराला बाजारात किंमत नाही ते केवळ कायद्याच्या आधारावर फार काळ जगते, असा अनुभव नाही.

पिलांच्या संगोपनासाठी सरकारने अनुदानाच्या योजना आणल्या आहेत. दुधाचाही एक मार्ग खुला होऊ पाहत आहे: उंटिणीच्या दुधाची मानके 2016 मध्ये ठरली आणि 2019 मध्ये अमूलने कच्छमधील दूध बाटलीत भरून बाजारात आणले. राजस्थानातही काही ठिकाणी दूध, चीज, साबण, उंटाच्या शेणापासून कागद असे प्रयोग सुरू आहेत. दूध न विकण्याचा जुना संकेत त्यासाठी राईकांना मोडावा लागला आहे आणि तो त्यांनी सहज मोडला असे समजू नये.

उंट घटले तसे पुष्करमध्ये घोडे वाढले. कानांची टोके आतल्या बाजूस वळून जवळजवळ एकमेकांना टेकणारा मारवाडी घोडा आता या बाजाराचा राजा आहे. त्याचे गिऱ्हाईक वेगळे आहे: हौशी अश्वपालक, लग्नाच्या वरातींचे व्यावसायिक, हॉटेलवाले. मोटारींतून येणारे, तंबूत खुर्च्यांवर बसून व्यवहार करणारे. पैशाची उलाढाल त्यामुळे टिकून आहे. वाळूतली शेकोटी मात्र विझत चालली आहे. त्यातच 2020 मध्ये करोनामुळे मेळा भरला नाही आणि 2022 मध्ये गुरांमधील लम्पी रोगाच्या साथीमुळे जनावरांना मज्जाव झाला. तेव्हा देव, घाट, पाळणे आणि नाचगाणी यांच्यासह मेळा झाला, फक्त जनावरांविना. उद्याचे पुष्कर कसे असू शकेल याची ती रंगीत तालीमच होती. सोनपूरने हे आधीच पाहिले आहे. हत्तींच्या बाजारासाठी ख्यातकीर्त असलेल्या त्या मेळ्यात वन्यजीव कायद्यातील 2003 च्या दुरुस्तीनंतर हत्तींची विक्री बंद पडली. हत्तींच्या हिताचा विचार करता ते योग्यच झाले. मेळा मात्र आता नावापुरताच हत्तींचा उरला आहे.

याचा दोष पर्यटकांच्या माथी मारण्याची एक फॅशन आहे, ती तितकीशी न्याय्य नाही. मटका शर्यत, मिशांची स्पर्धा, परदेशी पाहुण्यांना फेटा बांधायला लावणे, गावकरी विरुद्ध विदेशी अशी रस्सीखेच हे मैदानावरचे कार्यक्रम बाजाराशी संबंध नसलेले आहेत हे खरे. जुन्या मोकळ्या धोऱ्यांवर तंबूंची महागडी विश्रामगृहे आणि पक्की बांधकामे उभी राहिल्याने कळपांची जागा आक्रसली, हेही खरे. पण कालबेलिया समाजातील गुलाबो ही मुलगी 1980 च्या दशकाच्या आरंभी पर्यटन खात्याच्या अधिकाऱ्यांच्या नजरेस पडली ती याच मेळ्यात. पुढे तिने ते नृत्य जगभर नेले, 2010 मध्ये कालबेलिया नृत्यगीतांचा युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला आणि 2016 मध्ये गुलाबो सपेरा यांना पद्मश्री मिळाली. ट्रॅक्टर आणि कालवा पर्यटकाने आणलेला नाही. त्याच्या हातात एवढेच आहे की, येताना मेळ्याचा कोणता भाग पाहायला आपण येत आहोत हे ठरवून यावे.

बाजार पाहायचा असेल तर भाऊबीज घरी साजरी करावी आणि त्याच रात्री गाडी पकडावी. मुंबईहून अजमेरला थेट रेल्वेगाड्या आहेत. विमानाने जायचे तर किशनगड जवळ पडते, जयपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर. अजमेरहून नाग पहाडाचा घाट ओलांडला की अर्ध्या-पाऊण तासात पुष्कर येते. चतुर्थी ते अष्टमी हे दिवस उत्तम. या काळात राहण्याचे दरही शेवटच्या आठवड्याच्या मानाने आवाक्यात असतात. ज्यांना तीर्थाचा सोहळा अनुभवायचा आहे त्यांनी एकादशीला पोहोचावे. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी पाण्यात सोडलेले दिवे पाहावेत आणि त्या दिवशीच्या गर्दीची मानसिक तयारी ठेवावी. दोन्ही साधायचे तर आठ दिवस हाताशी हवेत. लहान मुले बरोबर असतील तर बाजाराचेच दिवस निवडावेत.

पहाट आणि रात्र बोचऱ्या थंडीची असते, दुपारी ऊन चटकते आणि धूळ अष्टौप्रहर असते. लोकरी कपडे आणि नाकाला बांधायला सुती रुमाल दोन्ही हवेत. गाव पूर्ण शाकाहारी आहे, अंडीही मिळत नाहीत, मद्यालाही बंदी आहे. रबडीचा मालपुवा आणि आसपासच्या गुलाबशेतीतून येणारा गुलकंद ही कसर भरून काढतात. घाटावर जोडे चालत नाहीत आणि स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. हातात फूल देऊन मनगटाला लाल धागा बांधणारे आणि मग मोठ्या दक्षिणेचा आग्रह धरणारे लोक तेथे भेटतात. दक्षिणा किती ते संकल्पाआधी ठरवावे, म्हणजे पुढचा वाद टळतो.

बाजारात वावरतानाही थोडे तारतम्य हवे. सौदा चालू असताना मध्ये कॅमेरा घुसवला की बोलणी मोडू शकतात, आणि त्या बोलण्यांवर एखाद्या घराचे वर्ष अवलंबून असते. पहाटे शेकोटीजवळ सूर्योदयाच्या छायाचित्रासाठी काही वेळा उंटांपेक्षा छायाचित्रकारच अधिक असतात. त्यापेक्षा परवानगी विचारून चार घटका बसावे. चहा पुढे येतोच. उंट कोठून आणला, किती दिवस चालत आलात, यंदा भाव काय, एवढे विचारले तरी माणसे मोकळी होतात. काही विकत घ्यायचे असेल तर गावातील दुकानांपेक्षा कळपांच्या कडेला बसलेल्या कारागिराकडून गोरबंद किंवा उंटाच्या लोकरीची दोरी घ्यावी. कोठे दुधाचा पेला मिळाला तर तोही किंमत देऊन प्यावा. चव किंचित खारट लागते.

ज्यांना कार्तिकात राजस्थान गाठणे जमत नाही त्यांच्यासाठी बरोबर एका महिन्याने महाराष्ट्रातच एक संधी असते. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. परराज्यांतून, राजस्थानातूनही, घोडे तेथे येतात. वळलेल्या कानांचा मारवाडी घोडा तेथेही दिसतो, दात पाहिले जातात, चाल पाहिली जाते आणि घेणारा उठून निघून गेल्याचे नाटक तेथेही तसेच करतो. पुष्करच्या उलट येथे यात्रेच्या दिवशी पोहोचलेल्यालाही बाजार भरलेला सापडतो, कारण दत्तजयंतीनंतरही तो काही दिवस चालू राहतो.